तेलाचं जहाज

गुंजन : आजी, हटो ना जरा. मी काढते खाली. तू स्टुलावर चढली न, तर पप्पा मलेच डाटतीन.

सिंधुताई : हात नको लावू म्हटलं न. ते काही कॅलेंडर नाही. ज्याचं हाय तो दारात उभा हाय, त्याच्याच हातानं उतरन. या न भाऊजी, आत या. चपला राहू द्या पायात, सारं घर धुळीचं झालं.

जानराव : काढतो जी. घर ते घर.

(भिलाईच्या पोलाद कारखान्याचं मरोद्यातलं क्वार्टर, दुपारचे दोन. एकेचाळीस वर्षांचा संसार खोक्यांत कोंबून झालाय, तरी दोन घमेली आणि एक पाट बाहेर राहून हट्ट करतायत. भिंतीवर उरलंय ते एकच: सागवानी चौकटीतलं मोठं, काळंभोर तैलचित्र. सिंधुताईंची नात गुंजन स्कूटीवर जाऊन ज्यांना घेऊन आली, ते जानराव म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे दीर. ते राहतात ते भिलाई-तीन काही परदेशात नाही, पण तिथून इथवर यायला त्यांना एकोणीस वर्षं लागली. आणि ज्याच्यासाठी यायचं, तो भाऊ गेल्या वर्षी गेला.)

सिंधुताई : बसा. खुर्च्या बांधून ठेवल्या, त्या खोक्यावर बसा. कपडेच हायेत त्यात. गुंजन, आबाले पाणी दे. किती वाळले हो भाऊजी तुम्ही!

जानराव : रिटायर झालो न. बसून-बसून वाळलो.

सिंधुताई : बसून माणूस फुगते.

जानराव : माह्यं उलटं हाय.

सिंधुताई : पहिल्यापासूनच.

गुंजन : आजी, टेम्पोवाला चार बजे आएगा. फिर मत बोलना की सांगितलं नाही.

सिंधुताई : येऊ दे त्याले. हे पाहा भाऊजी, म्या तुमाले सामान उचलाले नाही बलावलं. दोन कामं हायेत. आमच्या पीयूषनं जुनवानीले फ्लॅट घेतला, हे क्वार्टर आज सोडाचं. हे जहाज तुमच्या हातचं. तिकडं न्यावं का तुमच्या घरी पाठवावं, ते तुम्ही सांगा. हे एक झालं.

जानराव : अन् दुसरं?

सिंधुताई : दुसरं इचाराचं हाय. तुम्ही कावून नाही आले?

जानराव : आलो न आज.

सिंधुताई : आज पोरगी घेऊन आली. एकोणीस दसरे झाले, मोजले म्या. आधी गावी मामंजी-सासूबाई होते, तर दिवाळीले दोघं भाऊ तिथं तरी भेटत. ते गेले, ती दिवाळीबी मोडली. मंग लग्नाकार्यात भेटले तर रामराम, जसे बसस्टँडावरचे. हे गेले तवा मुक्तिधामात आले तुम्ही, लाकूड ठेवलं, अन् तिथूनच वापस. या घराचा उंबरठा नाही चढले.

जानराव : जाऊ द्या न वहिनी. माणूस गेला. आता कोणासंगं भांडाचं?

सिंधुताई : भांडा न. त्यायच्या वाटचं मी भांडीन. दवाखान्यात शेवटच्या हप्त्यात मले म्हणे, "पीयूषची माय, जान्याले म्या काय केलं वं?" म्या म्हटलं, बरे व्हा, मंग इचारू. ते काही बरे झाले नाही. मले ते उत्तर पाह्यजे. हे घर सोडाच्या आधी पाह्यजे.

गुंजन : आबा, चाय. कप पॅक झाले, ग्लासात दिली. एक बात पूछूं? इसमें जहाज है किधर? मी लहानपणापासून पाहून राहिले, मले तर काळी भिंतच दिसते. बाजूवाली मोनालीदीदी तो डरती थी. बोलायची, यामधी भूत हाय.

जानराव : हाय वं जहाज. तिथं, डाव्या अंगाले. नाक इकडं करून. वर लाल धुराडं होतं.

गुंजन : तुम्ही समुद्र पाह्यला होता?

जानराव : समुद्र कोणाच्या बापानं पाह्यला! तुहा आजा प्लेट मिलमधी. ड्यूटीहून आला का सांगे, आमच्या मिलची लोखंडी प्लेट जहाजाले लागते, तिकडं विशाखापट्टणमले. हात असे लांब करून सांगे, एवढी एक प्लेट. म्या म्हटलं, दादा, मी ते जहाजच काढतो. लाटा शिकाले दुर्गच्या पुलावर जाऊन शिवनाथचा पूर पाह्यला, तीन दिवस. जहाज एका कॅलेंडरातलं. धुराडं आपल्या प्लांटच्या चिमणीवरून. अन् मागचं आभाळ कोक ओव्हनच्या भट्ट्यायवरच्या संध्याकाळचं, नारिंगी.

गुंजन : मतलब समुद्र बोलके पूरा भिलाईच काढलं.

जानराव : जे पाह्यलं तेच काढन न माणूस.

सिंधुताई : अन् पाहाले किती लोकं आले होते, बाप्पा! मी नवी नवरी. "ए" शिफ्ट सुटली का हे चार जणांले संगं घेऊन हाजर. चहा करू-करू हात दुखे माह्ये. हे चित्रापुढं उभे राहून बोट दाखवत, "ही खालची करडी पट्टी दिसते न, ती आमच्या मिलची." जसं काही सोताच रोल करून दिलं. तो ओमप्रकाश फोरमन तर म्हणे, गुलाबराव, तेरे भाई के हाथ में जादू है.

जानराव : तरी कालेजचा फॉर्म नाही भरू दिला. रेल्वेचा भरला.

सिंधुताई : हं! आलं न तोंडावर. तेच म्हणत हे. "जान्यानं चित्रकलेच्या कालेजचं मनात धरलं. म्या त्याचा ब्रश हिसकला." ह्यायले आयुष्यभर तेच वाटलं, पण खात्री नव्हती. झोपेतबी बोलून जात.

जानराव : असं म्हणे दादा?

सिंधुताई : आता खोटं कायले सांगू?

जानराव : राग आला होता वहिनी, नाही कसा म्हणू. खडगपूरले वीस वर्षं रेल्वेच्या डब्यायवर नंबर टाकले. स्टेन्सिल ठेवाची, ब्रश माराचा, पुढचा डबा. पहिले-पहिले रडू ये. मंग हात बसला. लेकरंबाळं झाले, पोट भरलं. राग तरी किती पुरते? दर दिवाळीले गावी एका ताटात जेवत होतो न आमी दोघं.

सिंधुताई : मंग ते नाही कारण.

जानराव : …आधी चित्र उतरवू. ए पोरी, धर वं त्या अंगानं. हळू. दादानं चौकट अशी केली जसा दरवाजाच. सोड आता, माह्या हातात आलं. हे काय? हाताले चिकटून राहिलं.

गुंजन : वो तो हमेशा चिपकता है. एक मर्तबा तो माशी अटकली होती. अजून असन तिथंच.

जानराव : थांब. हा वास… वहिनी, हे जवस हाय.

सिंधुताई : मंग! जवसच. गावच्या तेलघाणीचं. दुकानातलं तेल नाही लावलं म्या कधी.

जानराव : कोणं लावलं?

सिंधुताई : म्या! अजून कोण लावन? तुम्हीच तर सांगून गेले होते. खडगपूरले निघाले त्या दिवशी, पेटी हातात, याच दारात उभे होते. म्हणले, "वहिनी, याले पाणी नका लावू बरं. हे तेलाचं हाय." म्या गाठ मारून ठेवली. दसऱ्याले आपण लोखंडाले तेल लावतोच न, विळ्याले, अडकित्त्याले, ह्यायच्या सायकलले. तसंच जहाजाले. लोखंडाचं जहाज अन् तेलाचं चित्र, मंग त्याले तर दुप्पट पाह्यजे. कापसाचा बोळा घ्याचा अन् चारी कोपऱ्यापर्यंत. एक दसरा नाही चुकला. पीयूषच्या वक्ती आठवा महिना होता, तरी स्टुलावर चढले. सासूबाई ओरडल्या. म्या म्हटलं, भाऊजी सांगून गेले. लोकायच्या घरचे फोटू पाहा, पांढरे फट पडतात. अन् हे पाहा, अजून कसं चमकते.

जानराव : चमकते.

सिंधुताई : काय झालं?

जानराव : काही नाही. चांगलं सांभाळलं तुम्ही.

सिंधुताई : तोंड कावून उतरलं मंग?

जानराव : चहा गोड झाला जरा.

सिंधुताई : चहात साखर नाही, डब्बा कालच बांधला. भाऊजी, आता सांगा. बदलीवर इकडं आले, दसऱ्याले सोनं द्याले आले, अन् मंग पुन्हा नाही आले. कावून?

जानराव : तेच. कालेजचं.

सिंधुताई : आत्ताच म्हणले न का राग पुरत नाही?

जानराव : पुरला. काही माणसायले पुरते. मी लहान मनाचा माणूस हो वहिनी, दादाची काही गलती नव्हती. माह्याच मनात किडा होता. झालं तुमचं उत्तर?

सिंधुताई : म्हणजे हे म्हणत होते तेच खरं?

जानराव : तेच खरं समजा.

गुंजन : पर आबा, स्कूटीवर तर तुम्ही अलगच सांगितलं.

जानराव : गुंजन, टेम्पोवाल्याले फोन लाव.

गुंजन : लावला न. आजी, आबा बोले थे की भिलाई-तीनले बदली झाली, तर पहिल्याच दसऱ्याले आले इथं. बीस साल बाद अपना पेंटिंग देखने. और देखा तो पूरा काला. बोले, "तुह्या आज्यानं चुलीवर टांगलं असन, जाणूनबुजून. जिंदगीत म्या एकच चित्र काढलं, तेबी त्यानं धुरात घातलं." असंच बोलले न आबा तुम्ही? तेव्हा मले लगा की… आजी? आजी, क्या हुआ?

जानराव : पोरी, कायले बोलली वं तू.

सिंधुताई : बोलू द्या तिले. चूल… भाऊजी, या घरात चूल कधी नव्हतीच. हे लग्न झालं तवाच गॅस घेऊन आले होते. अन् हे चित्र या खिळ्यावरून कधी हाललं नाही.

जानराव : हो.

सिंधुताई : आठवते मले तो दसरा. पाया पडले, आपट्याचं पान दिलं, अन् चित्राकडं पाहत उभे राहिले. किती वेळ! म्या मनात म्हटलं, आपलं काम पाहून जीव भरून आला. पुरणाची पोळी अर्धी टाकून उठले. म्या ह्यायले म्हटलं, पुरण जळकट झालं वाटते. त्याच दिवशी सकाळी तेल लावलं होतं. ओलंच होतं अजून… म्हणजे तेलानं काळं पडलं ते.

जानराव : तेलानं नाही. प्लांटची धूळ वहिनी. मरोद्यात सकाळी दोरीवर चादर टाकली तर संध्याकाळी मातकट होते. अन् माहा रंगच हलका होता तवा. हलके रंग असेच काळे पडतात.

सिंधुताई : हलका? ह्यायनं नागपूरहून आणले होते ते रंग, पहिल्या बोनसच्या वक्ती. अकरा नळ्या. तुम्ही उशाखाली घेऊन निजत. पांढरी नळी संपली तर दाताच्या ब्रशच्या दांड्यानं दाबू-दाबू काढली. आज ते हलके झाले? खोटं बोलाले तुमाले येत नाही भाऊजी. तुमच्या दादालेबी येत नव्हतं. सरळ सांगा. तेलानं पडलं न?

जानराव : …जवस वाळते वहिनी. आधी पिवळं होते, मंग भुरं. वरून धूळ बसली का ती आतच राहते, पुसून निघत नाही. पण त्याच तेलात रंगबी घोटतात. म्या एकदा लावलं, तुम्ही चाळीसदा. मेहनत तर तुमचीच जास्त.

सिंधुताई : नका हसवू मले. म्या काळं केलं. ह्या हातानं. अन् त्यापाई दोघं भाऊ एकोणीस वर्षं… अवं माय वं. हे तिकडं म्हणत राहिले, म्या जान्याले काय केलं, म्या जान्याले काय केलं. अन् मी बाजूले बसून म्हणे, कोणास ठावूक.

गुंजन : सॉरी आजी. मले नव्हतं माहीत.

सिंधुताई : तुहा काय दोष बेटा. पण भाऊजी, एक शब्द इचारला असता तुम्ही! "वहिनी, हे काळं कावून झालं?" एवढंच. म्या सांगितलं असतं, तेल लावते. तुम्ही डोक्याले हात लावला असता, मले शिव्या दिल्या असत्या, हे पोट धरू-धरू हासले असते. अन् पोळी पुरी खाऊन गेले असते तुम्ही.

जानराव : इचाराले पाह्यजे होतं.

सिंधुताई : पाह्यजेच होतं!

जानराव : पाह्यजे होतं वहिनी. तोंडात शब्द आला होता. मंग वाटलं, इचारलं तर दादा काहीतरी सांगन, अन् ते ऐकून मले माफ करा लागन. मले त्या दिवशी माफ कराचं नव्हतं. दोन-चार महिने रुसून राहाचं होतं फक्त. दोन-चार महिन्यानं लाज वाटाले लागली का आता कोणत्या तोंडानं जाऊ. मंग ते तसंच राहिलं. दुर्गच्या बाजारात एकदा दादा दिसला मले. थैलीत मेथी होती त्याच्या. मी दुसऱ्या गल्लीत घुसलो.

सिंधुताई : ह्यायनंबी पाह्यलं होतं तुमाले. घरी येऊन म्हणे, जान्याचे केस गेले वं सारे.

जानराव : …पाह्यलं होतं?

सिंधुताई : मेथी निवडता निवडता सांगितलं. पुन्हा नाही बोलले त्यावर.

गुंजन : आबा, पाणी घ्या. घ्या ना.

जानराव : दोष माहा हाय वहिनी. "तेलाचं हाय" म्हटलं अन् गाडी पकडाले पळालो. पुरं सांगून तर जाचं. नव्या नवरीले काय माहीत तेलाचं म्हणजे काय.

सिंधुताई : अन् मले दिसत नव्हतं का? दिसत होतं. आधी धुराडं गेलं, मंग लाटा, मंग ती ह्यायची करडी पट्टी. म्या म्हटलं, जुनं झालं, माणूसबी काळवंडते. अन् जेवढं काळं होत गेलं, तेवढं जास्त तेल घातलं. आज वाटे, ह्यायच्या सवालाचं उत्तर भेटलं का हलकं होईन जीव. भेटलं उत्तर. घ्या.

जानराव : माह्या झोऱ्यात टर्पेंटाइन हाय. कापूसबी आणला. पोरीनं सांगितलं का चित्र देऊन राहिले, तर म्हटलं पाहू साफ होते का. एक कोपरा पुसून पाहतो. धुराडं लाल होतं, ते निघन कदाचित.

सिंधुताई : खरंच निघन?

जानराव : सांगता येत नाही. चाळीस थर हायेत. तेलासंगं रंगबी निघून येईन.

सिंधुताई : अन् निघालं तरी कोणाले दाखवता? ज्याले पाहाचं होतं तो गेला.

जानराव : तेबी खरं.

सिंधुताई : तुमाले एक सांगू? सांगू का नको, समजत नाही.

जानराव : सांगा. आता काय राहिलं.

सिंधुताई : तुमचं येणं बंद झालं न, त्याच्या पुढच्या वर्षीपासून हे सोता स्टूल धरून उभे राहत. त्याच्या आधी कधी लक्ष नाही दिलं, बायकायचं काम म्हणत. मंग मात्र दसऱ्याच्या सकाळी माह्या आधी उठून तेलाची बाटली काढून ठेवत. मी उतराले गेली का म्हणत, "थांब, अजून एक हात मार. तिथं कोपऱ्यात राहिलं. आज जान्या आला न, तर म्हणन, माह्या चित्राकडं यायनं पाह्यलंबी नाही." मंग दिवसभर फाटक उघडं ठेवत. गाय आत शिरे.

गुंजन : हो, गाय. वो मुझे याद है. आजोबा भगाते भी नहीं थे.

जानराव : …वहिनी, ती बाटली बांधली का?

सिंधुताई : कोणती?

जानराव : जवसाची.

सिंधुताई : नाही. खिडकीत हाय. कावून?

जानराव : गुंजन, आन वं इकडं.

गुंजन : पर आबा, उससे तो और काला होगा ना?

जानराव : होऊ दे. माह्या झोऱ्यातून कापूस काढ.